तिकडे तो खूप बोलायचा

आमच्या गल्लीत तिला सगळे पिकोताई म्हणतात. साडीला फॉल लावणं, पिको करणं, बाळंतपणानंतर घट्ट झालेले ब्लाउज उसवून सैल करणं, हा तिचा धंदा. दुकान म्हणजे घराचीच पुढची खोली. माझं वह्या-पुस्तकांचं दुकान तिच्या भिंतीला लागून आहे. तिची मशीन सुरू झाली की माझ्याकडच्या बरणीतल्या पेन्सिली थरथरतात, आणि मशीन थांबली की मला कळतं, ताईने चहा ठेवला.

वडील लवकर गेले. आई अंथरुणाला खिळलेली. धाकट्या भावाला ताईनेच वाढवलं. लग्नाचं वय त्यात निघून गेलं, आणि नंतर कोणी विचारायला आलं नाही. ताई म्हणायची, "मला सासू नाही, म्हणून गल्लीतल्या सगळ्या सुनांची कटकट मी ऐकते."

धाकटा बोलताना अडखळायचा. साधंसुधं नाही. पहिलं अक्षर ओठांवर यायचं, तिथेच रुतायचं, मान ताठ व्हायची, डोळे मिटायचे. शाळेत पोरं त्याला 'इंजिन' म्हणत, कारण क पासून सुरू होणारा शब्द आला की इंजिन सुटल्यासारखा आवाज यायचा. मास्तर त्याला धडा वाचायला उभं करत नसत. वाण्याकडे तो बोटानेच वस्तू दाखवायचा. ताई बरोबर असली की तीच बोलायची. त्याने "सा" म्हटलं की ही म्हणायची, "साखर द्या हो अर्धा किलो." त्याला साबण हवा असायचा. तरी तो मुकाट्याने साखर घेऊन घरी यायचा. एवढी साखर घरात कशी साठते, असं त्यांची आई विचारायची.

पुढे कोणाच्या तरी ओळखीतून परदेशातल्या एका मोठ्या लाँड्रीत त्याला काम लागलं. दवाखान्यांच्या चादरी धुण्याचं, इस्त्री करण्याचं. गल्लीत सगळे म्हणाले, "बरं झालं. यंत्राशी काय बोलायचंय?" ताईलाही तसंच वाटलं. सुरुवातीला तो दोनदा येऊन गेला, मग आई गेली तेव्हा आला. त्यानंतर आलाच नाही.

फोन मात्र नेमाने करायचा. रविवारी सकाळी ताईचा फोन वाजला की मी गल्ला सोडून दारात यायची. मला तिचं एकटीचंच बोलणं ऐकू यायचं. "जेवलास का? हो ना? थंडी असेल. स्वेटर घालतोस ना? घालतोस. बरं. इकडे सगळं ठीक." तिकडून नुसते हुंकार. फोनवर तो जास्तच अडखळायचा, म्हणून ताई त्याला बोलायचा त्रास देत नसे. एकदा मात्र त्याने बराच वेळ झगडून विचारलं होतं, "ता... ताई, त... तळ्याकडची टाकी फुटली ना? मग पाणी येतंय का तुला?" ताईने मला येऊन सांगितलं, "बघ, त्याला तिथे बसून आपल्या टाकीचं कळलं!" मी म्हटलं, "मोबाइलवर वाचलं असेल." आम्ही दोघींनी ते तिथेच सोडून दिलं.

एकदा त्याने तिला पासपोर्ट काढून ठेव म्हणून कळवलं. तिने हौसेने काढला. फोटोसाठी नवी साडी नेसली. पण बोलावणं काही आलं नाही. पासपोर्ट ट्रंकेत तळाशी गेला, आणि ताईने कधी विषय काढला नाही.

तो पासपोर्ट बाहेर निघाला तो त्याच्या मरणाने. काम करता करता छातीत कळ आली, खाली बसला, आणि उठलाच नाही. लाँड्रीच्या लोकांनी सगळं केलं, तिकीटही त्यांनीच पाठवलं. जिने तालुक्याच्या पलीकडचं गाव पाहिलं नव्हतं, ती बाई समुद्र ओलांडून गेली. मी तिला विमानतळाच्या गाडीत बसवलं तेव्हा ती रडत नव्हती. तिने एवढंच विचारलं, "त्याला सकाळी कोण उठवत असेल गं? गजराने तर तो कधी उठायचा नाही."

पुढचं सगळं मला तिने नंतर सांगितलं. थोडं थोडं, मशीन चालवता चालवता.

विमानतळावर लाँड्रीची मुकादम बाई आली होती. आडव्या बांध्याची, लाल हातांची. एकमेकींची भाषा दोघींना येत नव्हती. मुकादम बाई आपल्या मोबाइलमध्ये बोलायची आणि मोबाइल मराठीत बोलायचा, बातम्या वाचणाऱ्या बाईसारखा, एकही भावना न दाखवता. गाडीत मोबाइल म्हणाला, "तुमचा भाऊ पुष्कळ बोलत असे. तो आम्हाला हसवत असे. आता यंत्राजवळ शांतता आहे."

ताई दचकली. बोलत असे? हसवत असे? मग तिला आशा वाटू लागली. माणूसच चुकला असेल! मेला तो दुसराच कोणीतरी असेल, आपला धाकटा कुठेतरी मुकाट चादरी घालत असेल यंत्रात. दवाखान्याच्या गार खोलीत पोचेपर्यंत तिने ती आशा सोडली नाही. मग चेहऱ्यावरचं कापड बाजूला झालं. कपाळावर लहानपणी पाट लागल्याची खोक होती. तोच होता. तिला वाटलं, मोबाइलनेच काहीतरी उलटसुलट सांगितलं असणार.

दुसऱ्या दिवशी त्याला निरोप दिला. लाँड्रीतली माणसं आली होती, ताईला वाटलं होतं त्यापेक्षा खूप जास्त. एक दाढीवाला गडी भिंतीला टेकून हुंदके देत होता. ताई मला म्हणाली, "मला तिथे परक्यासारखं वाटलं गं. जणू त्यांचंच माणूस गेलंय आणि मी भेटायला आलेय."

मग खोली आवरायची होती. तिसरा मजला, अरुंद जिना, एक खिडकी, आणि खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत. एक पलंग, एक ताट, एक पातेलं. भिंतीवर काही नाही. दाराच्या मागे त्याचा हिवाळी कोट लटकत होता. त्याचं वरचं बटण निघाल्यावर त्याने पुन्हा लावलं होतं, आणि त्याखाली दोरा गुंडाळून मान केली होती, ताईने शिकवली होती तशी. ती कोट हातात घेऊन पलंगावर बसली आणि तिथे पहिल्यांदा रडली.

टेबलाच्या खणात बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा सापडला. डब्यात चाव्या होत्या. मूठमूठभर चाव्या, आणि सगळ्या एकसारख्या. तिने एकेक दाराला लावून पाहिली. प्रत्येक चावीने तेच एक कुलूप उघडत होतं.

घरमालक खोली ताब्यात घ्यायला आला, तेव्हा तिने डबाच त्याच्या हातात दिला. म्हाताऱ्याचं तोंड उतरलं. एकट्या भाडेकरूला एवढ्या चाव्या कशाला? आणखी कोणाकोणाकडे दिल्या आहेत? तो हातवारे करून विचारत होता आणि ताई खांदे उडवत होती. शेवटी त्याने एका चावीला अडकवलेली प्लास्टिकची टिकली दाखवली. तिच्यावर बुटाचं चित्र होतं. मग डबा तिला परत दिला आणि खिडकीतून हात बाहेर काढून रस्त्याच्या टोकाकडे बोट केलं. जा, विचारून ये, असा त्याचा अर्थ तिने लावला.

स्टेशनाच्या जिन्याखाली ते दुकान होतं. दुकान कसलं, भिंतीतलं बीळ. बुटांना टाच लावून मिळत असे आणि चाव्या बनवून मिळत असत. रबराचा, डिंकाचा आणि तापलेल्या पितळेचा वास. गल्ल्याच्या अलीकडे गिऱ्हाइकासाठी एक स्टूल. आत एक टक्कल पडलेला माणूस बूट उलटा मांडीवर घेऊन टाच घासत होता. ताईने डबा उघडून समोर ठेवला. त्याने चाव्यांकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि त्या देशाच्या भाषेत काहीतरी विचारलं. ताईने मान हलवली.

तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजला. हात डिंकाने भरलेले, म्हणून त्याने करंगळीने बटण दाबलं. स्पीकर सुरूच होता. दुकानभर एका बाईचा आवाज पसरला.

"अहो, ऐकताय का? तो नळवाला पुन्हा थापा मारून गेला. उद्या येतो म्हणे. त्याचा उद्या काही उगवत नाही!"

"त्याला म्हणावं, उद्या आलास तर परवाची मजुरी देईन," माणूस म्हणाला. "ठेव आता, गिऱ्हाईक आहे."

ताईने गल्ल्याची कड घट्ट धरली. ती मला म्हणाली, "इतके दिवस मोबाइलचंच मराठी ऐकत होते. हे माणसाचं होतं."

"तुम्ही आपले?" एवढंच तिच्या तोंडून निघालं.

बूट त्याच्या मांडीवरून खाली पडला. "अरेच्चा! मग मघापासून मुक्यासारख्या उभ्या का? बसा, बसा आधी. कुठल्या तुम्ही?"

तिने गावाचं नाव सांगितलं. तो तिच्याकडे नुसता बघत राहिला. मग हळूच म्हणाला, "थट्टा करताय का? गावात कुठे?"

"बसस्टँडच्या मागची गल्ली."

"बसस्टँडसमोर चपलांचं दुकान होतं बघा. कोपऱ्यावर."

"पाटीवर बूट उलटा काढलेला? टाच पुढे आणि टोक मागे?"

"माझ्या वडिलांनीच काढला होता तो!" चावीवाला हसत हसत ओरडला. "आयुष्यभर लोक त्यांना म्हणायचे, मामा, तुमचा बूट घालणारा माणूस मागे मागे चालतो. तरी त्यांनी पाटी बदलली नाही. म्हणायचे, बघायला तरी थांबतात ना!"

ताईची शाळेची चप्पल त्याच दुकानात शिवून मिळायची. चावीवाल्याची बायको अजूनही गावातच होती, तळ्याच्या पलीकडे. तो दोनचार वर्षांनी एखादी चक्कर मारायचा. त्याने ओल्या फडक्याने हात पुसले, थर्मासमधला चहा ओतला, आणि मग त्याची नजर पुन्हा डब्याकडे गेली.

"या चाव्या तुमच्याकडे कशा? या मीच केल्यात. एकाच माणसाच्या आहेत. लाँड्रीत काम करणारा. बरेच दिवस आला नाही तो."

"तो माझा भाऊ," ताई म्हणाली. "गेला तो."

चावीवाला खालीच बसला. पहिल्यांदा त्याला मरणाचं वाईट वाटलं. दुसरी गोष्ट त्याच्या लक्षात यायला थोडा वेळ लागला, आणि ती आली तशी त्याचा चेहराच बदलला.

"तुमचा भाऊ? म्हणजे... आपल्या गावचा?"

"माझ्या पाठचा."

"अहो, काहीतरी घोटाळा आहे. मी त्याला विचारलं होतं, कुठला तू? त्याने भलत्याच देशाचं नाव सांगितलं. इतकी वर्षं येतोय तो. दर आठवड्याला. आम्ही इथल्याच भाषेत बोलायचो. माझी मोडकीतोडकी, त्याची मात्र अगदी सफाईदार. काय गप्पा मारायचा! तोंड म्हणून थांबायचं नाही. मी काम करायचो आणि हा त्या स्टुलावर बसून लाँड्रीतल्या गमती सांगायचा. जिन्यावरून जाणारे लोक थांबून हसायचे."

"तो अडखळायचा नाही?"

"अडखळायचा? कोण?"

मोबाइल खोटं बोलला नव्हता, हे ताईला आता कळत होतं.

चावीवाला डब्यातल्या चाव्या हाताने चाळत राहिला. "मला वाटायचं, हा वेंधळा आहे, चाव्या हरवतो. दर थोड्या दिवसांनी, एक करून दे. बूट धड असायचे तरी टाच बदल म्हणायचा. आणि काम झालं तरी उठायचा नाही. माझा फोन यायचा त्याच वेळेला हटकून यायचा. बायको रोज दुपारी फोन करते, माझे हात कामात, म्हणून मी स्पीकर लावतो. ती गावभरचं सगळं सांगते. कोण गेलं, कोणाचं लग्न मोडलं, कुठला रस्ता खणला..."

"टाकी फुटली," ताई म्हणाली.

"हो, टाकी फुटली तेव्हा तर आठवडाभर तेच चालू होतं. का हो?"

ताईने त्याला रविवारच्या फोनची गोष्ट सांगितली. वर जिन्यावरून माणसांचे पाय जात होते.

मग चावीवाल्याने एक गोष्ट सांगितली. त्याचे वडील, उलट्या बुटाचे मामा, गेले ती बातमीही त्याला याच दुकानात, याच फोनवर कळली होती. बायको रडत रडत सांगत होती, आणि हा हातात पटाशी घेऊन उभा. दुकान टाकून जाता येईना, वेळेत पोचेल असं विमान नाही. स्टुलावर लाँड्रीवाला होता. तो उठला. शटर अर्धं खाली ओढलं. आलेल्या गिऱ्हाइकाला बाहेरच्या बाहेर परत पाठवलं. चावीवाल्याच्या हातातून पटाशी काढून घेतली, त्याला बसवलं, आणि दुकान बंद व्हायच्या वेळेपर्यंत त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहिला. एक अक्षर बोलला नाही.

"मला वाटलं, भला माणूस आहे. भाषा कळली नाही तरी रडणं कळतं कोणालाही." चावीवाल्याने चाव्यांचा डबा बाजूला सारला. "त्याला शब्दन् शब्द कळला होता हो. आणि त्या पाटीखालून तोही शाळेत गेला असेल. एकदा सांगायचं होतं ना! एकदाच म्हणायचं, मी तुझ्या गावचा. मी काय खाल्लं असतं त्याला? मीही एकटाच आहे इथे. घरी गेलो की भिंतीशी बोलतो."

ताईला त्याचा राग कळत होता. पण तिला दुसरंही काही कळत होतं. "तो मराठीत बोलला असता तर तुम्हाला इंजिन ऐकू आलं असतं," ती म्हणाली. "मग तुमचा हा बोलका लाँड्रीवाला राहिला नसता."

आणि मग, ती मला सांगताना मशीन थांबवून म्हणाली, "मी त्याची वाक्यं पुरी करायचे गं. मला वाटायचं, मी मदत करतेय."

परतीचं विमान सुटेपर्यंतचे दिवस ताई त्याच दुकानात जाऊन बसायची. दुसरीकडे जाणार कुठे? चावीवाला काम करायचा, गावातल्या माणसांची चौकशी करायचा, आणि धाकट्याचे किस्से आठवून सांगायचा. पण एक पंचाईत व्हायची. किस्सा त्या भाषेत घडलेला. तो मराठीत सांगायला गेला की त्यातलं हसूच उडून जायचं. "एका नर्सने चादरीत आपली कवळी..." असं करून तो सुरू करायचा, मध्येच थांबायचा, डोकं खाजवायचा. "नाही जमत. तो सांगायचा तेव्हा पोट दुखायचं हसून." ताई त्याच्यासाठी हसायची. हसण्याजोगं तिला काही सापडायचं नाही. आपल्या भावाला सगळं गाव सोडून एक स्टेशन ओळखत होतं, आणि त्या ओळखीत तिला शिरायला दारच नव्हतं.

निघायच्या दिवशी चावीवाल्याने बायकोसाठी एक लोकरी शाल दिली. "तळ्यापलीकडे जाऊन द्याल का? टपालाने पाठवली तर तिला वाटेल उरकून टाकली. माणसाच्या हातून गेलेली बरी."

गावात आल्यावर ताईने दुसऱ्याच दिवशी दुकान उघडलं. लोक भेटायला यायचे, "शेवटी तरी सुटला बिचारा," म्हणायचे. एकजण म्हणाला, "बोलता येत नव्हतं, जीव कसा घुसमटला असेल तिकडे." ताईने त्याला काहीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर कोणी मानलं नसतं, आणि कोणी मानलं असतं तर तिला ते आणखी लागलं असतं.

शाल द्यायला जाताना तिने मला बरोबर नेलं. म्हणाली, "एकटीला जमणार नाही." चावीवाल्याची बायको ठेंगणी, बडबडी, फोनवर होती तशीच. आम्हाला तिने पाट मांडून बसवलं, शाल अंगावर घेऊन आरशात पाहिली, नवऱ्याची तब्येत विचारली, केस किती राहिलेत विचारलं, आणि मग एकदम खालच्या आवाजात म्हणाली, "तो माणूस तुमचा भाऊ होता म्हणे. यांनी सांगितलं. मी त्याला ओळखायचे."

"ओळखायचात?"

"म्हणजे आवाजाने. फोनमध्ये मागून ऐकू यायचा ना! मी यांना विचारायचे, कोण हो तो, इतका मोठ्याने बोलतो? हे म्हणायचे, आहे एक रिकामटेकडा."

ताईच्या हातातला चहाचा कप तसाच राहिला. गावात, स्वतःच्या घरापासून थोड्याच अंतरावर, एक बाई वर्षानुवर्षं तिच्या भावाचं मोकळं बोलणं ऐकत होती. तिने स्वतः ते एकदाही ऐकलं नव्हतं.

"कसा होता हो त्याचा आवाज?" ताईने विचारलं.

चावीवाल्याच्या बायकोने माझ्याकडे पाहिलं, काहीतरी विचित्रच विचारलं जातंय असं. मग ताईचा चेहरा पाहून तिने नीट आठवून सांगितलं. "भरभर बोलायचा. जाडसर आवाज. वाक्य संपताना स्वतःच आधी हसायचा, मग बाकीचे. मला अर्थ काही कळायचा नाही. पण निघताना एक शब्द म्हणायचा, दारातून, ओरडून. तो मला पाठ झालाय."

"म्हणा ना."

तिला लाज वाटली. पदराने तोंड झाकून हसली, मग खाकरून तिने तो शब्द म्हटला, पुरुषासारखा आवाज जाड करून. लांबलचक, शेवटी वर चढणारा, आपल्या कानाला अगदीच परका. माझ्या तर तो तोंडातसुद्धा बसला नाही.

ताई पुढे सरकली. "पुन्हा एकदा म्हणा," ती म्हणाली.

तिने पुन्हा म्हटला. बाहेर नळवाला हाका मारत होता, पण ती उठली नाही. ताई डोळे मिटून ऐकत होती. मध्ये एक अक्षरही बोलली नाही.